आमच्या टीमचे फुसके बार

फुटबॉलच्या इतिहासात आमच्या टीमपेक्षा जास्त फुसके खेळाडू कोणी निवडले असतील तर त्यांनी पुढे यावं, मी स्वतःच्या हाताने त्यांच्या गळ्यात हार घालीन. आखातातल्या अल कुसैसच्या वाळूच्या मैदानावर आम्ही एकेक अशी माणसं उतरवली की समोरच्या टीमचा गोलकीपर खुर्ची टाकून बसायचा. एकदा तर तो मध्यंतरानंतर आलाच नाही. आपल्या जागी त्याने टोपी ठेवली आणि टोपीने आमचे दोन गोल अडवले. हे खोटं वाटेल. थोडंसं आहेही. पण टोपी होती, हे मी शपथेवर सांगतो.

हे सगळं आज उकरून काढायचं कारण बर्वेकाका. ते आता पुण्यात असतात, ऐंशीच्या आसपास पोचलेत, आणि आमच्या जुन्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर शुक्रवारी सकाळी एकच विषय काढतात: आपल्या सगळ्या निवडींत सर्वांत वाया गेलेली निवड कोणती? पुण्यात शुक्रवारी सुट्टी नसते, इकडेही सुट्टी आता शनिवार-रविवारवर गेली, पण काकांचा शुक्रवार काही हलत नाही. यादीत पहिलं नाव माझं असतं. मी त्या नावामागची गोष्ट आजवर सतरा प्रकारे सांगितली आहे. एका प्रकारात मला इथल्या मोठ्या क्लबचं बोलावणं आलं होतं, एका प्रकारात रेफरी विकला गेला होता. मोहम्मद बिन झायद सिटीत लेकाच्या घरी बसून परवा अठरावा प्रकार टाइप करायला घेतला आणि दोन ओळींत दमलो. खोटं बोलायलाही अंगात ताकद लागते. नात शेजारी होती, म्हणाली, "आजोबा, इट वॉज जस्ट अ गेम, लेट इट गो." म्हटलं बरोबर आहे बाई, आता एकदा खरं लिहून टाकतो, म्हणजे सुटलो.

आम्ही कुसैसला चार मजली बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्या, खाली बकाला, म्हणजे तिकडचं वाण्याचं दुकान. विमानतळ इतका जवळ की विमान उतरायला लागलं की स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे एकमेकांशी गप्पा मारायला लागत. खिडकीतला एसी तर असा घरघरायचा की आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे. माझ्या आवाजाला आजही सून दचकते, त्याचं मूळ त्या एसीत आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, मूळचे कराडचे. एका काँट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरकीपर होते. पहाटे पाचला कंपनीची बस, संध्याकाळी सातला परत, आल्यावर जेवण आणि पाठ टेकली की झोप. आठवड्याचे सहा दिवस मी त्यांना पाहिलं ते बहुतेक पाठमोरं, चपला घालताना किंवा काढताना. सातवा दिवस शुक्रवार, आणि तो टीमचा.

शुक्रवारी सकाळी सहाला सामना, ऊन चढायच्या आत. नऊपर्यंत सगळी टीम आमच्या घरी, आणि मग चौदा घामट जर्सी आमच्या बाथटबमध्ये साबणाच्या पाण्यात भिजत पडायच्या. आई दर शुक्रवारी बाथरूमच्या दारात उभी राहून तेच विचारायची, "अहो, माणसांनी आंघोळ करायची कुठे?" अण्णा म्हणायचे, "संध्याकाळी कर." आई म्हणायची, "संध्याकाळी दोरीवर जर्सी असतात, टॉवेल कुठे वाळवू?" तोवर स्वयंपाकघरात मसाला परतल्याचा खकाणा उठलेला असायचा, चौदा माणसं शिंकत असायची, आणि खालच्या मशिदीतून जुम्म्याची बांग आली की सगळे क्षणभर गप्प. मग ताटं. तांबडा रस्सा, आणि भाकरीऐवजी बकाल्यातला गरम खुबूस, कारण ज्वारीचं पीठ कराडहून सुटकेसमधून यायचं आणि ते पुरवून पुरवून वापरायचं असे. खुबूस रश्श्यात बुडवला की तो असा काही फुगायचा की एका खुबुसात दोन माणसं जेवत. बरं, दीड.

आता निवडीची पद्धत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या भागात पाच टीमा. पूर्वी जो तो आपापल्या गावच्या माणसांना घ्यायचा आणि त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. म्हणून मोठ्यांनी बसून ठरवलं की सप्टेंबरात लोक गावाहून परतले, नवे व्हिसावाले आले, की एका शुक्रवारी सगळ्या नव्या खेळाडूंना मैदानावर रांगेत उभं करायचं आणि टीमांनी पाळीपाळीने एकेक उचलायचा. याला वाटणी म्हणत. गेल्या वर्षी जी टीम सगळ्यात खाली, तिला पहिला हात. आम्ही वर्षानुवर्षं सगळ्यात खाली, त्यामुळे पहिला हात कायम आमचा. म्हणजे रांगेतला सगळ्यात चांगला माणूस दर वर्षी आमच्याकडे यायला हवा होता. पण आमच्यासाठी निवडायचे अण्णा.

आणि जूनमध्ये, सगळे सुट्टीला गावी जायच्या आधीच्या शुक्रवारी, आमच्या हॉलमध्ये पंचनामा. तो फक्त आमच्या टीमचा होता, बर्वेकाकांनी सुरू केलेला. त्या वर्षीची पहिली निवड सतरंजीवर मध्ये बसवायची, निवडणाऱ्याने तिची बाजू मांडायची, मग हात वर: पास की फुसका. सलग तीन फुसके झाले की निवडणारा बदलायचा. वर जुने निकालही दर वर्षी उकरले जायचे, त्यामुळे जेवण एकला संपलं तरी पंचनामा चारच्या चहापर्यंत चाले.

आमच्या यादीत मानाचं पान पाटलाचं. वाटणीच्या दिवशी आयोजक एकेकाचं नाव-गाव वाचत होते. "पाटील, कोल्हापूर," एवढं कानावर पडलं आणि अण्णांचा हात वर गेला. कोल्हापुरात पेठापेठांतून फुटबॉल खेळतात हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत, पण कोल्हापूरचा प्रत्येक माणूस पोटातून बूट घालूनच येतो अशी अण्णांची समजूत होती. पाटील लहानपणापासून कुस्तीच्या तालमीत वाढलेला. पहिल्या सामन्यात बॉल त्याच्याकडे आला, त्याने तो दोन्ही हातांनी उचलला, छातीशी घट्ट धरला आणि तो काढून घ्यायला आलेल्या तिघांना एकामागून एक चीत केलं. पंचनाम्यात बर्वेकाका म्हणाले, "फुसका. यात चर्चा कसली?" तेव्हा आमचा गोलकीपर पिंटो, गोव्याचा, शांतपणे म्हणाला, "बर्वे, तुझ्या ताटात रस्सा कोणाचो?" रस्सा पाटलाचा होता. दर शुक्रवारी तो आईला स्वयंपाकघरातून बाहेर काढून स्वतः चुलीपुढे उभा राहायचा. बर्वेकाकांनी बोटं चाटली, विचार केला आणि पाटील पास झाला. आजही ग्रुपवर यावर भांडण होतं. माझं मत विचाराल तर टीममध्ये माणूस नक्की कशाला घेतात हे ठरल्याशिवाय तो वाया गेला का हे ठरत नाही. पण इतकं लांब उत्तर ग्रुपवर कोण वाचतो?

पुढच्या वर्षी अण्णांनी हैदराबादचा एक उंच मुलगा घेतला. इतका उंच की त्याला आम्ही मिनार म्हणायचो. पळायचा असा की वाळूचं वादळ, पण थांबणं त्याला जमत नसे. एकदा बॉल घेऊन निघाला तो गोल ओलांडून, मैदान ओलांडून, रस्ता ओलांडून शारजाच्या हद्दीत शिरला आणि दुपारी अस्रच्या नमाजानंतर टॅक्सीने परत आला. फुसका, एकमताने. त्याच्या पुढच्या वर्षी सावंत. हा खरा खेळाडू होता. तीन शुक्रवारांत चार गोल. चौथ्या शुक्रवारी कंपनीने त्याची अल ऐनला बदली केली. जाताना म्हणाला, "दर शुक्रवारी येतो, इन्शाल्ला," आणि तो इन्शाल्ला ऐकूनच मी समजलो की हा काही आता येत नाही. पंचनाम्यात अण्णा तावातावाने म्हणाले, "बदली त्याच्या मॅनेजरने केली, त्यात माझी काय चूक?" बर्वेकाका म्हणाले, "स्टोअरला आलेला माल चौथ्या दिवशी दुसऱ्या साइटवर गेला, तर तुम्ही तो स्टॉकमध्ये दाखवता का?" फुसका. सलग दुसरा.

म्हणजे तिसऱ्या वर्षीच्या निवडीवर अण्णांची गादी अवलंबून होती. हसू नका. कंपनीत अण्णांना एक सुपरवायझर, त्याच्यावर एक इंजिनिअर, त्याच्यावर मॅनेजर, पंधरा वर्षांत त्यांना कोणी "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं नव्हतं. शुक्रवारी मैदानावर मात्र नवी माणसं रांगेत उभी असताना अण्णा पाठीमागे हात बांधून एकेकासमोरून जायचे, आणि पाचही टीमा श्वास धरून बघायच्या. वर्षातल्या त्या अर्ध्या तासावर माझे वडील उरलेलं वर्ष काढत.

त्या वर्षी मी सतरा पूर्ण केली होती, त्यामुळे नियमाने मलाही रांगेत उभं राहावं लागलं. बारावीचं वर्ष, जुलैत पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं ठरलेलं. मी कसा खेळायचो? ग्रुपवर विचाराल तर वाऱ्यासारखा. खरं सांगायचं तर पंख्यासारखा, एका जागी फिरायचो. माझ्या शेजारी शाजी उभा होता, केरळचा इलेक्ट्रिशियन, नवाच आलेला, काटकुळा, पायांत दुसऱ्या कुणाचे तरी मोठे बूट. वाटणीआधी सगळ्यांना थोडं खेळवत. शाजीने बूट काढले, अनवाणी पायाने बॉल उचलला आणि खांद्यावर, डोक्यावर, पुन्हा पायावर असा खेळवला की मशिदीकडे निघालेले लोकही थांबले. अण्णा त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. पिंटो मागून कुजबुजला, "अण्णा, हाच. यल्ला, हात वर करा." सगळे धरूनच चालले होते. शाजीसुद्धा, तो हसून बूट घालायला लागला.

अण्णांचा हात माझ्या खांद्यावर पडला. निवडीचं कारण मोठ्याने सांगायचं असा नियम होता. अण्णा म्हणाले, "उंची आहे. अजून वाढेल." दुसऱ्याच क्षणी पुढच्या टीमने शाजीला उचललं, आणि बर्वेकाका वाळूत खाली बसले.

त्या मोसमात शाजीने किती गोल केले ते मोजायचं लोकांनी डिसेंबरातच सोडून दिलं. मी एक केला, आमच्याच जाळ्यात. सुरुवातीला लोक चेष्टा करायचे, नंतर चेष्टाही थांबली, आणि ते फार वाईट होतं. घरी रश्श्याच्या वेळी माझ्यासमोर कोणी सामन्याबद्दल बोलत नसे, उगाच गावाकडच्या पावसापाण्याची चौकशी चालायची. शेवटच्या सामन्यात बरोबरी झाली असती तरी आम्ही तळातून वर आलो असतो. शेवटची पाच मिनिटं उरली असताना शाजी बॉल घेऊन माझ्या अंगावर आला, आणि मला दिसलं की तो मुद्दाम हळू आलाय. मला वाट देतोय. तरी मी चुकलो. गोल झाल्यावर तो परत फिरताना माझ्याजवळ थांबला, म्हणाला, "सॉरी, भाई." ते सॉरी मला जेवढं लागलं तेवढ्या सगळ्या मोसमातल्या शिव्याही लागल्या नव्हत्या.

पुढच्या शुक्रवारी पंचनामा. सतरंजीच्या मध्ये मी, समोर भिंतीला टेकून अण्णा, बाजूला टीम. पाटील स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभा, त्याच्यामागे आई. एरवी या दिवशी हॉलमध्ये हशा मावत नसे. त्या दिवशी एसीच काय तो बोलत होता. बर्वेकाकांनी घसा खाकरला. "अण्णा, तुमची बाजू मांडा."

अण्णा म्हणाले, "मांडण्यासारखं काही नाही."

"अहो, काहीतरी बोला. तिसरं वर्ष आहे."

अण्णा सतरंजीकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा मला पहिल्यांदाच समोरून इतका वेळ दिसत होता, आणि तो इतका थकलेला होता की मला राहवलं नाही. मी तोंड उघडलं, आणि माझ्या आयुष्यातली पहिली मोठी थाप त्यातून बाहेर पडली.

"माझा गुडघा गेलाय," मी म्हणालो. "नोव्हेंबरात. शाळेच्या जिन्यावरून पडलो. डॉक्टर म्हणाला सहा महिने पाय हलवायचा नाही. मी कोणाला सांगितलं नाही. अण्णांनाही नाही. सांगितलं असतं तर खेळू दिलं नसतं. टीमला माणूस कमी पडला असता." एकदा सुरू झालो आणि थांबता येईना. गुडघा सुजून नारळाएवढा व्हायचा. परीक्षेच्या बाकाखाली बर्फ बांधून बसलो. सामन्याआधी दातांत रुमाल धरायचो. पिंटोने डोळे पुसले. पाटील म्हणाला, "वाघ हाय लेका!" मागून आईचा आवाज आला, "कुठल्या डॉक्टरकडे गेला होतास?" पण तोवर माझं मलाच खरं वाटायला लागलं होतं.

"कुठला गुडघा?" बर्वेकाकांनी विचारलं.

"डावा."

"मग उजवा का चोळतोयस?"

मी खाली पाहिलं. "डाव्याचं दुखणं उजव्यात उतरलंय, काका."

त्यावर सगळा हॉल हसला, खूप दिवसांनी, आणि त्या हसण्यातच मला कळलं की आम्ही वाचलो. थाप कोणालाच पटली नव्हती बहुधा, पण सगळ्यांना ती हवी होती. बर्वेकाकाही हसले. "चला, जखमी माणसाला फुसका म्हणायचं नाही. पास म्हणणाऱ्यांनी हात वर." पिंटोचा हात वर गेला, पाटलाचा गेला, मग एकेक करत जवळजवळ सगळ्यांचे.

"हात खाली घ्या," अण्णा म्हणाले.

एसीच्या घरघरीतही ते ऐकू आलं, आणि अण्णा ओरडले नव्हते.

"त्याच्या गुडघ्याला काही झालेलं नाही. पोरगं माझ्यासाठी खोटं बोलतंय. त्याला खेळता येत नाही, आणि ते मला वाटणीच्या दिवशीही दिसत होतं. तो केरळचा मुलगा घ्यायला हवा होता. फुसका." आणि त्यांनी स्वतःचा हात वर केला.

बर्वेकाका हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, सगळे पास म्हणतायत. कशाला?"

"पंचनामा आहे ना? लिहा."

बाकीचे हात एकेक करून उतरले. मग पिंटोने खाली मान घालून पुन्हा हात वर केला, अण्णांच्या बाजूने, आणि त्यामागे इतरांनी. निवडायचं काम त्याच बैठकीत पिंटोकडे गेलं. "खलास," बर्वेकाका म्हणाले, पण नेहमीच्या जोरात नाही. त्या दिवशी चारच्या चहाला कोणी थांबलं नाही. पाटीलसुद्धा आपला सुरा फडक्यात गुंडाळून निघून गेला.

मी बाथटबच्या कडेवर जाऊन बसलो. इतक्या माणसांसमोर स्वतःच्या बापाने फुसका म्हटल्यावर माणूस जिथे जाऊन बसेल तिथे. थोड्या वेळाने अण्णा रश्श्याचं मोठं पातेलं घेऊन आत आले, कारण ते स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये मावत नसे. लेंगा वर खोचला, माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि घासायला लागले. मी म्हणालो, "सगळे पास म्हणत होते."

"हो."

"तुम्हाला सप्टेंबरातच माहीत होतं, तर मला घेतलंत कशाला?"

ते घासत राहिले. मग पातेल्यात बघतच म्हणाले, "दुसऱ्या टीमने घेतलं असतं, तर दर शुक्रवारी तू मैदानाच्या पलीकडच्या बाजूला असतास. जुलैत तर जाणारच आहेस."

खालच्या रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. अण्णांनी नळ सोडला, पातेलं विसळलं, पालथं घातलं. मग हात न पुसता माझ्याकडे वळले.

"सुधीर, गुडघ्याला खरंच काही नाही ना?"

"कुठल्या?" मी म्हणालो.

ते हसले नाहीत. "दोन्ही दाखव."

मी पँट वर केली. अण्णांनी आधी डावा गुडघा दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिला, मग उजवा, मग पुन्हा डावा. त्यांच्या हातांचा साबण माझ्या पायांवरून घोट्यापर्यंत ओघळला. बराच वेळ ते तसेच दाबत राहिले, आणि मी दुखत नाही, दुखत नाही, म्हणत राहिलो.